माळ्यावरचं लाकूड

चांगोनं मोटारीच्या दाराचा नवा खांब मोगरीनं ठोकला, तसा आतल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"वलं हाय रं ते. बद्द वाजतंय."

बायजा ज्येष्ठापासून अंथरुणाला खिळली होती, पण कान शाबूत होते. सारा जन्म सुताराच्या घरात गेलेला. नुसत्या ठोक्यावरून ती लाकूड ओलं की सुकं ते सांगायची. चांगोनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओलं आहे हे त्याला का कळत नव्हतं? पण सुकं आणायचं कुठून? लढाईच्या वर्षांत ठेकेदारांनी कर्जतपासून चौक गावापर्यंतचं होतं नव्हतं ते सुकं लाकूड उचलून नेलं होतं. लढाई संपली, लाकूड काही परत आलं नाही.

पडवीत रुस्तमशेठची मोटार उभी होती. पेट्रोल मिळेना म्हणून ती लढाईभर विटांवर चढवून ठेवलेली. तेवढ्यात वाळवीनं आपलं काम केलं. वरून पत्रा चकचकीत, आतल्या लाकडी सांगाड्याचा भुसा. पत्रा सोडवून सांगाडा जसाच्या तसा नवा करायचा होता, आणि तोही श्रावणाच्या आत. शेठच्या लेकीची पाठवणी याच मोटारीतून व्हायची होती. नाही म्हणायची सोय नव्हती. चांगोचं घर शेठच्या जागेत उभं होतं.

आठ दिवसांत आईचं बोलणं खरं झालं. खांब पिळला. दार मिटलं तरी बोटभर फट राहू लागली. शेठ आले, त्यांनी दार लावून पाहिलं, उघडून पुन्हा लावून पाहिलं. जाताना घराच्या कौलांकडे पाहिलं आणि मग चांगोकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चांगो चुलीपुढे येऊन बसला. त्याची नजर वर माळ्याकडे गेली आणि चोरी पकडल्यासारखी खाली आली. माळ्यावर त्याच्या बापाची बैलगाडी होती, सुटी केलेली. सागाच्या दांड्या, सागाच्या फळ्या, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरानं काळ्या पडलेल्या. बाप भर आषाढात गेला होता. सरण ओलं होतं. नुसता धूरच झाला आणि उरलेलं जाळायला माणसांना दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. बायजानं ते पाहिलं होतं. तेराव्यानंतर तिनं नवऱ्याची गाडी मोडून माळ्यावर चढवायला लावली. "ही माझ्यासाठी," म्हणाली. त्या लाकडाला घरात कुणी हात लावत नसे.

"बघतोस काय?" बायजा अंथरुणातून म्हणाली. "काढ ते."

"आये, ते तुझं हाय."

"माझं हाय म्हनूनच सांगते. घर ऱ्हायलं पायजे. मी पावसात नाय मरायची, जा."

सागावर पटाशी चालली तेव्हा घरभर खणखणीत आवाज घुमला. बायजा डोळे मिटून ऐकत राहिली. खांब उभे राहिले, छताच्या कमानी बसल्या, वरून पत्रा चढला. दार बोटानं लोटलं तरी मिटू लागलं. मोटार पुण्याच्या रस्त्याला लागली तेव्हा चांगो पावसात उभा राहून पाहत होता. आईचं सरण दुसऱ्याचं वऱ्हाड वाहायला चाललं होतं, आणि ते आपल्याच हातांनी घडवलं याची त्याला मनस्वी लाज वाटली.

मग बायजाचं अन्न तुटलं. वैद्य म्हणाले, आज-उद्या. चांगोनं घरामागचा आंबा तोडला, फोडला आणि ओंडके पडवीत ठेवले. रोज सकाळी बायजा विचारायची, "लाकूड सुकलं का रं?"

"नाय आये. वलंच हाय."

"बरं," ती म्हणायची आणि आणखी एक दिवस काढायची.

श्रावण गेला, भादवा गेला. वैद्यांनी यायचं सोडलं. दसऱ्याला चांगोनं ओंडके उन्हातून आणून ओसरीत रचले, जपून, एकावर दुसरा न आपटता. आंबा कडकडीत वाळला होता. दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं तेव्हा त्याची जीभ आपसूक म्हणाली, "वलंच हाय."

दिवाळीही गेली. बायजाच्या पाठीला जखमा झाल्या. कूस बदलताना ती ओठ चावायची, पण ओरडायची नाही. एका दुपारी तिला पुसून काढून बायको बाहेर आली आणि चांगोपुढे उभी राहिली.

"किती दिस असं सांगनार? पेजेचं पानी उतरत नाय घशाखाली."

"मग काय सांगू, गौरा? मर म्हनून सांगू?"

गौराबाईनं पदर डोळ्याला लावला आणि भांडी घासायला गेली.

खळ्यावर भात झोडत होते. चांगो बराच वेळ ते ऐकत बसला. मग त्यानं ढिगातला एक ओंडका उचलला, आत जाऊन आईच्या उशाशी बसला. आज तिनं विचारलंही नाही. तेवढा दम नव्हता. त्यानं ओंडक्यावर बोटाचं पेर वाजवलं. लाकूड खणखणलं.

"सुकलं, आये," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

बायजानं चाचपत त्याचा हात धरला.

"दसऱ्यालाच सुकलंय ते. तू जपून ढीग रचलास तरी आयकलं मी. तुझ्या तोंडून यायसाठी थांबलेली, बाबा."