अंगावरची धूळ

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात तेजश्रीनं मांडलेल्या प्रयोगात काचेच्या पेटीतला बल्ब म्हणजे स्फोट झालेला तारा आणि भोवतीची धूळ म्हणजे त्यानंच मरण्याआधी अंगावेगळी केलेली धूळ. तिच्यातून बल्ब मंद, तांबूस दिसायचा. पण सफाईच्या मावशींनी घाण समजून पेटी लख्ख पुसली, आणि परीक्षक शेजारच्या टेबलापाशी पोचलेही. तेवढ्यात चादरींच्या कारखान्यातली पाळी संपवून बाप आला, केसांपासून चपलांपर्यंत सुताच्या धुळीनं माखलेला. “पप्पा, असल्या अवतारात? माझी शोभा करायला आलाय?” ती दातओठ खात म्हणाली. “कालपास्नं धूळ धूळ करत हुतीस न्हवं?” बापानं शर्ट काढून पेटीत फडाफडा झटकला. “घे. लई हाय.” बनियनवरच तो दाराकडं वळला. बल्ब तांबूस झाला. परीक्षक खुलले. “तारा तेवढाच तेजस्वी, धूळ त्याला झाकते. ही आणलीस कुठून?” दारात बाप थांबला. “रस्त्यावरची आहे, सर,” तेजश्री म्हणाली.