बाटलीवरच्या चार रेघा

नियम १ : टेबलावर फक्त घट्ट झाकणाची बाटली ठेवावी.

काकू हेडफोनसकट खुर्चीवरून खाली घसरल्या. फोनच्या पलीकडे गिऱ्हाईक आपलं गाऱ्हाणं सांगतच होतं. शेजारच्या चष्मेवालीने आधी काकूंचा कॉल बंद केला, मग स्वतःचा, आणि मगच त्यांना हात दिला.

काकू बेचाळिशीच्या. पण पंचविशीच्या आतल्या पोरींनी भरलेल्या कॉल सेंटरच्या त्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी त्यांची काकू झाली होती.

कोपऱ्यातल्या दवाखान्यातून कंपनीची नर्स धावत आली. सगळ्या तिला सिस्टर म्हणत. तिने काकूंची नाडी धरली आणि नजर टाकली ती टेबलावरच्या बाटलीवर. पाणी बरोबर तीनच्या रेघेवर. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. सिस्टरला हायसं वाटलं. चला, निदान पाण्याचं कारण नाही.

नियम २ : बाटलीवर चार रेघा आहेत. अकरा, एक, तीन, पाच. ज्या त्या वेळी पाणी त्या रेघेपर्यंत उतरलेलं असावं. टीमलीडरने पाहून तक्त्यावर खूण करावी.

नियम सिस्टरनेच लिहिलेले. मागच्या उन्हाळ्यात दोघींना मुतखडा झाला, तेव्हा ती साहेबांच्या हात धुऊन मागे लागली आणि या बाटल्या आणवल्या. तेव्हापासून दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता आहे. एकही चौकट रिकामी नाही.

काकूंना दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात नेताना वाटेत खिडकीजवळची मोठी कुंडी लागली. ऑफिसचे शिपाई मामा तिच्याभोवतीची फरशी पुसत होते, सकाळपासून तिसऱ्यांदा. झाडाची पानं पिवळी पडली होती.

"काकूंचं झालं की याला तपासा, सिस्टर," मामा म्हणाले. "जलोदर झालाय याला. आधीची दोन अशीच गेली."

सिस्टरला हसायला वेळ नव्हता.

नियम ३ : तहान लागायची वाट पाहू नये.

तिने काकूंच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. जीभ कोरडीठाक. अंग चटका बसेल असं तापलेलं. कमरेला नुसतं बोट लावलं तर काकू कळवळल्या. सिस्टरने नमुन्याची डबी पुढे केली आणि आतल्या बाथरूमचं दार दाखवलं. काकू त्या दाराकडे बघत राहिल्या.

"हे मोजतात का?"

"इथलं कोण काय मोजणार?" सिस्टर म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. चष्मेवाली अजून उंबऱ्यातच घुटमळत होती. तिला सिस्टरने जागेवर पिटाळलं.

डबीत जेमतेम दोन चमचे आलं. काळ्या चहाच्या रंगाचं.

सिस्टरने हॉस्पिटलच्या गाडीला फोन लावला. किडनीचं काही खरं नाही, एवढं तिला दिसत होतं. कशामुळे, ते कळत नव्हतं. सकाळपासून किती पाणी प्यायलात, तिने विचारलं. बाटली रेघेवर आहे, काकू म्हणाल्या. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच : रेघेवर आहे, तुम्ही स्वतः पाहिलीत की.

"बाटलीचं नाही विचारत, काकू. तुमचं विचारतेय."

काकूंनी डोळे मिटले.

"माझं कशाला विचारता. त्या झाडाला विचारा."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. कॉल घेणं थांबवलं की समोरचा पडदा मिनिटं मोजतो. जेवणाची सुट्टी सोडून दिवसाला बारा. बायकांचं बाथरूम एक मजला खाली. जाऊन यायला सहा लागतात. म्हणजे दोनदा. तिसऱ्यांदा गेलं की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नाव लाल होतं. महिन्यात तीन लाल झाले की सोमवारपासून यायचं नाही. एवढं पाणी पोटात गेलं तर दोनदात कसं भागायचं? बिनवायरच्या हेडफोनवरचा कॉल जिन्यात तुटतो, पण खिडकीपर्यंत चालतो. म्हणून रेघेची वेळ आली की एकेक जण बोलत बोलत उठते, बाटली घेऊन खिडकीशी जाते, बाहेर बघते, येऊन बसते.

"आणि खूण करणारी टीमलीडर? तिला दिसत नाही?"

"ती तर सगळ्यांत आधी ओतते."

सिस्टर स्टुलावर बसली. समोर तिचा तक्ता होता, खाली साहेबांच्या सहीची शाबासकी. शेजारी आतलं बाथरूम. आज आपण त्यात किती वेळा गेलो ते तिला आठवेना. तिने कधी मोजलंच नव्हतं.

नियम ४ : दवाखान्यात गेलेला वेळ कोणाच्याही कामाच्या वेळेतून कापला जाणार नाही.

तिने पेला भरून काकूंच्या हातात दिला. काकूंनी ओठ ओले केले आणि थांबल्या. नजर पुन्हा त्या दाराकडे. सिस्टरने उठून ते सताड उघडून ठेवलं.

काकूंनी पेला एका दमात रिकामा केला. पुढे केला. पुन्हा रिकामा केला. पुन्हा पुढे केला. पाणी हनुवटीवरून गळत होतं आणि त्या रडताहेत की नुसत्या पिताहेत, काही कळत नव्हतं.

बाहेरच्या दारावर टकटक झाली. गाडी आली असेल म्हणून सिस्टर धावली.

चष्मेवाली होती. पोट दुखतंय, म्हणाली.

दोन्ही हातांनी तिने बाटली छातीशी धरली होती. नुकतीच पुन्हा गळ्यापर्यंत भरलेली, झाकण आधीच उघडलेलं.