आमटीचा खरा अभिप्राय

कुमुदच्या खानावळीच्या दारावर नोटीस लागली, ती इंदुमतीमुळे. खोटी स्तुती हाही आता गुन्हाच होता. अभिप्राय देताना मनगटाला सरकारी पट्टा बांधायचा. लिहा नाहीतर बोला, शब्द मनापासून असले तर तो हिरवा, नाहीतर लाल. इंदुमतीने ‘आमटी अप्रतिम’ लिहिलं आणि पट्टा लाल झाला, तेव्हा तिला वाटलं, बॅटरी उतरली असेल.

आता संध्याकाळी सहाच्या आत खरा अभिप्राय गेला नाही, तर खानावळीला सील.

“लिही गं, असेल ते लिही,” पदराला हात पुसत कुमुद समोरच उभी राहिली.

जेवून उठल्यावर अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हे इंदुमतीच्या अंगात मुरलेलं. तिने चारदा लिहिलं, चारदा लाल. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी तिने एका दमात लिहून टाकलं: ‘आमटी फार आंबट असते. अठरा वर्षं मी ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळते.’

पट्टा हिरवा झाला.

कुमुदने ते दोनदा वाचलं. “अठरा वर्षं? आणि रोज वर आणखी वाटीभर मागून घ्यायचीस?”

“तुला बरं वाटायचं म्हणून गं.”

पट्टा हिरवाच राहिला. कुमुद कशीबशी हसली. “जाऊ दे. खानावळ तर वाचली! उद्यापासून चिंच कमी घालते. येशील ना जेवायला?”

“येईन की! न यायला काय झालं?”

पट्टा सोडायचा राहूनच गेला होता. दोघींची नजर एकदमच मनगटावर गेली. लाल.

“बॅटरी उतरली असेल,” कुमुद म्हणाली.