बासष्ट टक्क्यांवर

मामाने सर्व्हरच्या प्लगला हात घातला तेव्हा पडद्यावरची पट्टी बासष्ट टक्क्यांवर होती. भाचीला वाटलं, चष्मा विसरलाय, भलतीच वायर ओढतोय. ती हसलीसुद्धा. मग तिने त्याचं तोंड पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

हॉस्पिटलच्या तळघरातली ती खोली दोन पलंगांएवढी. एसीची घरघर अशी की आत कुणी गळा काढला तरी बाहेर पत्ता लागू नये. डावीकडे मुख्य सर्व्हर. त्याची डिस्क सकाळपासून टकटक करत होती, म्हणजे आज ना उद्या मान टाकणार. उजवीकडे बॅकअपचा सर्व्हर, अकरा वर्षांच्या पेशंटचे रिपोर्ट त्याच्या पोटात. त्याच्यावर भाची बॅकअपच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवत होती. पडद्यावर ठळक लिहिलं होतं, काम संपेपर्यंत वीज तोडू नका. तोडली तर जुनंही जातं आणि नवंही येत नाही.

हे तिला शिकवलं होतं मामानेच. चालू कामाची वायर ओढणारा आणि झोपलेल्या बाळाला चापट मारणारा, दोघं एकाच माळेचे मणी, असं तो म्हणायचा.

"मामा, सोड."

तो सोडेना. तिने त्याच्या मनगटावर झडप घातली. ज्या हाताने तिला या नोकरीला चिकटवलं होतं, त्याच हाताने मामाने तिच्या कानाखाली असा जाळ काढला की ती भिंतीवर जाऊन आदळली आणि खाली बसली. खांद्याखाली सॉकेट तडकला. प्लग लोंबायला लागला. दिवे विझायच्या आत तिने तळव्याने तो आत रेटला आणि घोरपडीसारखी भिंतीला चिकटली.

त्रेसष्ट.

मामाने कॉलर धरून ओढलं. ती हलेना. त्याने बरगड्यांत लाथ घातली, मग दुसरी. मग कीबोर्ड उचलून तिच्या पाठीत घातला. बटणं खोलीभर उडाली. तिने मागे न बघता कोपर हाणलं, ते नेमकं त्याच्या तोंडावर बसलं. काहीतरी टणकन फरशीवर पडलं, आणि ते बटण नव्हतं. लहानपणी याच तोंडाने तो तिला फुगे फुगवून द्यायचा.

एकाहत्तर.

मामा तोंड धरून बसला. बोटांमधून रक्त गळत होतं. धापा टाकत त्याने सगळं सांगून टाकलं. नवी आवृत्ती चढली की आधी प्रत्येक जुना बॅकअप उघडून बघते. जुनी बघत नव्हती. हे मशीन आणल्यापासून मामाही बघत नव्हता. रोज सकाळी चहा पीत तपासणीच्या तक्त्यावर हिरवी खूण करायची, बस. मागच्या महिन्यात त्याने पहिल्यांदा आत डोकावून पाहिलं. अकरा वर्षं वगैरे काही नव्हतं. एक दिवससुद्धा नव्हता.

"मधेच बंद पडलं तर दोष अपग्रेडचा," तो म्हणाला.

"आणि अपग्रेड माझं."

"तुझं वय आहे पोरी. तुला दुसरी नोकरी मिळेल. मला या वयात कोण उभं करणार? तुझ्या आईला शब्द दिलाय मी, तुला उपाशी मरू देणार नाही."

हे इतक्या मायेने म्हणाला की क्षणभर तिचा तळवा खरंच सैल पडला. मामाने तो क्षण बरोब्बर हेरला. उठला आणि फरशीवर टेकलेल्या तिच्या उजव्या हातावर बूट आपटला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. एकदा नाही, दोनदा.

तिने समोर आलेल्या त्याच्या पोटरीत दात रुतवले. कापड फाटलं, तोंडात खारट चव आली, तरी सोडलं नाही. मामा वरून डोक्यात बुक्के घालत राहिला. नव्वद. चौऱ्याण्णव. पट्टी अशी चालली होती, जणू तिला कुणाच्या बारशाला जायचंय आणि वेळ भरपूर आहे.

शंभर झाले तेव्हा दोघंही जमिनीवर होते.

मशीन एकेक बॅकअप उघडू लागलं. लाल फुली. रिकामा. लाल फुली. रिकामा. पडदा वरपासून खालपर्यंत लाल होत गेला. मामाचा बुक्का हवेतच थांबला. आता मारून उपयोग नव्हता, पितळ उघडं पडलं होतं. मुख्य सर्व्हरची टकटक मात्र आधीपेक्षा जोरात ऐकू येत होती.

दार उघडून हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आत आल्या. झालं का, एवढंच विचारायला आल्या होत्या. फरशीवरचं रक्त, बटणं आणि एक दात बघून त्या दारातच थबकल्या.

"झालं," भाची म्हणाली. "मॅडम, तो कीबोर्ड उचला. एंटरचं बटण शाबूत असेल तर दाबा, मुख्य सर्व्हरचा बॅकअप सुरू होईल. माझा हात मोडलाय, दुसरा सोडता येत नाही."

"हा कसला बॅकअप?"

"पहिला."

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरच्या लाल ओळी पाहिल्या. मग मामाकडे पाहिलं. मामाने खाली बघितलं. त्यांनी एंटर दाबलं. पडद्यावर नवी पट्टी आली, शून्य टक्के, चौदा तास बाकी.

मामा गुडघ्यांवर रांगत सॉकेटपाशी आला. भाचीने डोळे मिटून मान आत ओढली.

फटका आला नाही. मामाने आपला रक्ताळलेला तळवा प्लगवर टेकवला.

"तू सोड. मी धरतो."

तिने डोळे उघडले. हात काढला नाही. मामाच्या हातावर सरकवला आणि सगळा जोर लावून भिंतीशी दाबून धरला.