दुनळीची दुसरी गोळी

शेवंतीने दुनळी रायफल खांद्याला लावली. बंदूक स्वस्तातली, दोन्ही नळ्यांच्या गोळ्यांत हातभर अंतर पडायचं. दोन्हींचा नेम एका जागी यावा म्हणून महिनाभर तिने नळ्यांमधली पाचर कानशीने घासली होती, दस्ता आपल्या मापाचा केला होता. दोन्ही गोळ्या ओंडक्यावरच्या चुन्याच्या ठिपक्यात बसल्या, तर उद्या डुकराच्या शिकारीत ती बंदूक घेऊन उभी राहणार. नाहीतर दरवर्षीसारखी हाकाऱ्यांत ओरडत रान उठवणार.

दोन बार झाले. भोक एकच.

"दुसरी खंय गेली गो, वेंगुर्ल्याक?" शिकारीचा म्होरक्या बाबलकाका खिदळला.

तिने कोयत्याने ओंडका फोडला. आत दोन्ही गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. शेवंतीने आनंदाने अशी किंकाळी फोडली की झाडावरचे बगळे उडाले.

"ह्यो आवाज हाकाऱ्यांत हवो होतो," बाबलकाका कपाळाला हात लावून म्हणाला. "आता माकाच बोंबलूचा लागतला!"