अर्धी लादी

नवाबभाईंच्या बर्फाच्या कारखान्यात शेवटची एकच लादी उरली होती आणि दिव्यानी तिच्यावर हात ठेवून उभी होती. कालच्या वादळाने अर्ध्या चंद्रपूरची वीज गेलेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला फ्रीझर बंद पडला होता आणि त्यात तिची तीन वर्षं होती, म्हाताऱ्या यीस्ट पेशींच्या चारशे इवल्या नळ्या. वितळल्या की खेळ खलास. नागपूरहून ड्राय आइस सहाला येणार. तोवर बर्फ आणि मीठ, एवढाच उपाय.

तेवढ्यात अतुल मोटारसायकलवरून उतरला. घुग्घुसच्या खाणीतला, अंगावर अजून शिफ्टचेच कपडे.

"भाऊ, लादी पायजे. माय गेली सकाळी. बहीण सुरतहून निघाली, उद्या येते."

मे महिन्यातलं ऊन. मढं उद्यापर्यंत टिकणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. नवाबभाईंनी दिव्यानीकडे पाहिलं. "बेटी, पैले तू आली. तूच सांग."

अतुल भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने फक्त विचारलं, "तुमचं काय हाये, ताई?"

"पावात टाकतात ते यीस्ट. म्हातारपणी पेशीतले कोणते जीन्स आधी बंद पडतात, कोणते शेवटपर्यंत चालू राहतात, ते पाहून राह्यली मी."

अतुलने थोडा विचार केला. "मायचं पैले चालणं गेलं. मंग बोलणं. बहिणीचं नाव तेवढं शेवटपर्यंत घेत राह्यली."

दिव्यानीने लादीवरचा हात काढला नाही. तिला चांगलंही व्हायचं होतं आणि काही सोडायचंही नव्हतं.

"अर्धी अर्धी करा," ती म्हणाली.

"अर्ध्यात कोनाचंच भागत नाई, बेटी."

"तरी करा."

नवाबभाईंनी लादी फोडली.

चारला तिच्या नळ्यांचं पाणी झालं. सहाला ड्राय आइस आला, तो तिने स्कूटीवर घेतला आणि अतुलचं घर विचारत घुग्घुस गाठलं. अंगणात ओली पोती पडली होती. अतुल नुकताच नदीवरून परतला होता, केसांतून पाणी गळत होतं.

"नाई थांबता आलं," तो म्हणाला. मग तिच्या हातातली धुरावणारी पेटी बघून त्याने विचारलं, "तुमचं तरी वाचलं ना, ताई?"

"हो," दिव्यानी म्हणाली.