तिनावर त्रेचाळीस शून्यं

"ही चौथाई कुठून आली?" बेंतांकोर सरांनी उत्तरपत्रिका मिकाएलापुढे सरकवली.

प्रश्न त्यांनीच घातलेला होता. विश्वात जास्तीत जास्त बल किती असू शकेल? हाताशी दोनच गोष्टी, प्रकाशाचा वेग आणि गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक. एककं जुळवा, उत्तर काढा. ज्यांना जमलं त्यांनी बारावर त्रेचाळीस शून्यं लिहिली होती. मिकाएलानं लिहिली होती तिनावर त्रेचाळीस. नेमकी चौथाई, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

एककं जुळवून चौथाई हाती लागत नाही. ती पुस्तकात मिळते. आणि मिकाएलाचा मामेभाऊ राजधानीत, मोंतेविदेओच्या विद्यापीठात शिकतो हे ताक्वारेम्बो गावात कुणाला ठाऊक नव्हतं? राजधानीतल्या स्पर्धेला शाळेतून एकच नाव जायचं होतं, तेही आजच.

सरांनी येर्बाच्या, त्या कडवट पाल्याच्या चहाच्या, तुंब्यात गरम पाणी ओतलं, नळी तिच्याकडे वळवली आणि तुंबा पुढे केला. चौकशीला बोलावलेली मुलं घाईघाईनं तो रिकामा करत आणि परत देताना "आभार" म्हणत. आभार म्हटलं की पुरे, पुन्हा भरू नका, सुटलो. त्या एका शब्दावरून सरांनी आजवर किती लबाड पकडले होते!

"मामेभावानं सांगितलं ना?"

"हो. म्हणजे, त्याच्या पुस्तकात पाहिलं. गेल्या सुट्टीत."

सरांच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली. इतक्या सहज कबूल होणाऱ्यांचा तर त्यांना जास्तच संशय येई. ते उठले आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी बारा काढणाऱ्यांतल्या पहिल्या मुलाचं नाव लिहिलं, ब्रूनो.

"मग मिटलं. त्याचं नाव पाठवतो."

"पाठवा. पण मला तो आकडा पटला नव्हता, प्रोफे."

"पुस्तक पटलं नाही! वा, बाईसाहेब!"

मिकाएलानं न विचारता खडू उचलला. दोन सारखे गोळे काढले, इतके दाबलेले की आतून प्रकाशही सुटू नये. अशा एका गोळ्याच्या त्रिज्येएवढंच अंतर तिनं दोघांच्या मध्यबिंदूंत धरलं आणि न्यूटनच्या सूत्रात घातलं. वस्तुमान वरही दोनदा, खालीही दोनदा. सगळं कटलं. चौथाई उरली.

"गोळा सूर्याएवढा घ्या नाहीतर आमच्या गाईएवढा, बल तेवढंच. वस्तुमान गेलं कुठे? मला वाटलं, माझंच चुकतंय."

"चुकलं नाहीये," सर म्हणाले, पण सावधपणे. पाठ केलेलं त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं.

"मग हे बघा." तिनं गोळे लांब नेले, कडेला कड भिडेपर्यंत. "असं धरलं तर सोळावा हिस्सा येतो. मग चौथाईच का? अंतर त्यांनी सोयीनं धरलं म्हणून? पुस्तकात कारणच नाही. म्हणून ते प्रश्नचिन्ह."

सरांनी उत्तरपत्रिकेवरचं प्रश्नचिन्ह पुन्हा पाहिलं.

"आणि इतरांचं बारा तरी बरोबर कशावरून?"

"मी शिकवलेल्या रीतीनं काढलंय त्यांनी."

"तेच म्हणते मी. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला."

"तू नाही ठेवलास?"

"त्या बारावर? तुम्ही ठेवता, प्रोफे?"

खिडकीबाहेर कुणीतरी मोपेड चालू करायची धडपड करत होतं. मिकाएलानं तुंब्यातलं पाणी नळीची गुरगुर होईपर्यंत ओढलं आणि फळ्यावरची नजर न काढता तुंबा परत दिला. सर त्या शब्दाची वाट बघत थांबले. तो आला नाही. तिचा हात मात्र अजून पुढेच होता.

त्यांनी तुंबा पुन्हा भरून त्या हातात ठेवला. मग फळ्याकडे पाहिलं. गोळ्यांनी आणि सूत्रांनी तो भरून गेला होता. फक्त ब्रूनोच्या नावाचा कोपरा उरला होता.

सरांनी तळहातानं तो पुसला.

"इथे जागा आहे. सोळावं पुन्हा मांड."